हाडांच्या गिरणीची पाटी

३ मार्च

ताई,

वर नमस्कार लिहिला आहे असं धर. तुझा पत्ता मला आपली गल्ली नटवायला निघालेल्या त्या समितीच्या चिटणीसबाईंनी दिला. म्हणजे तुझा पत्रव्यवहार त्यांच्याशी आहे, माझ्याशी नाही. असो.

काल आपल्या बाजारगल्लीत जाऊन आलो. बाबांच्या मागे गिरणीला कुलूप घातलं, त्यानंतर पहिल्यांदाच. घरी आल्यावर कोपरापर्यंत हात धुतले. घाण लागली म्हणून नव्हे. तिथे आता घाण शिल्लकच नाही, आणि तेच मला अंगावरून धुऊन काढायचं होतं.

तुझ्या डोक्यात जी गल्ली आहे ती विसर. तोंडाशी लोकरीची वखार होती, तिथे हॉटेल झालं आहे. गठ्ठे वर ओढायची कप्पी ठेवली आहे, पण तिला फुलांची कुंडी टांगली आहे, आणि दोर असा ओवला आहे की त्याने ती कुंडीसुद्धा वर जाणार नाही. कातडी वाळवायच्या अंगणात कारंजं उडतं. बियाणेवाल्यांच्या दुकानात कॉफी मिळते. बियाण्याचे ते लाकडी खण आहेत तसेच आहेत, माणसं त्यांच्यावर कोपर टेकून फोटो काढतात. खणांवरची नावं मात्र नव्याने रंगवली आहेत. एकावर काय लिहावं? व्हॅनिला! ज्या दुकानातून बाबा गाजराचं आणि सलगमाचं बी आणायचे, तिथे व्हॅनिला. सगळ्या गल्लीला कोणीतरी धरून सुगंधी साबणाने आंघोळ घातल्यासारखं वाटतं. सुरतेवर डाग नाही आणि चेहऱ्यावर ओळख नाही.

ओळखीचा एकच भेटला, समोरचा दोरवाला. तो अजून दोर वळतो. पण अंगात समितीने दिलेलं जाकीट, डोक्यावर समितीने दिलेली टोपी. जन्मात त्याने टोपी घातली नव्हती.

“हे काय सोंग?” मी म्हटलं.

“अरे, सोंग कसलं, नोकरी आहे,” तो म्हणाला. “पूर्वी दोर वळून झाला की लोक बैल बांधायचे. आता वळून झाला की टाळ्या वाजवतात. मग मी तोच दोर उसवतो आणि पुन्हा वळतो.”

“लाज नाही वाटत?”

“सुरुवातीला वाटायची. मग दात पडले, त्यांच्याबरोबर तीही गेली.”

आता आपल्या दाराची गोष्ट. दार तेच, कडी तीच, फक्त कडीला तेल. आणि वर पाटी: ‘जुनी पिठाची गिरणी. येथे आसपासच्या शेतातला गहू दळला जाई.’ मी ती पाटी शांतपणे वाचली. मग चिटणीसबाईंना शोधून काढलं. बाई तशा भल्या आहेत, सारख्या हसतात, एवढाच दोष.

“बाई, ही पाटी चुकली आहे. ही हाडांची गिरणी होती. इथे मेल्या जनावरांची हाडं उकळून, वाळवून, कुटून शेतांसाठी खत व्हायचं.”

“हाडं?” बाईंचं हसू जरा सैल झालं. “पण पिठाची माहिती तर तुमच्या ताईंनीच पाठवली.”

त्या क्षणी माझा चेहरा कसा झाला असेल ते तूच ओळख. परक्या बाईकडून मला हे कळावं?

तर व्यवहाराचं ऐक. गिरणी दोघांच्या नावावर आहे. समितीला ती कायमची चालवायला हवी आहे. करारावर तुझी सही झालेली मी पाहिली, तुझं ते डावीकडे कललेलं अक्षर. माझी व्हायची आहे. मी बाईंना स्वच्छ सांगून आलो आहे, पाटीवर ‘हाडं’ हा शब्द येईल त्या दिवशी सही करीन, आणि पाटीचा मजकूर बदलायला ताईचीही संमती लागेल तर तिच्याकडून ती मी आणीन.

तेव्हा संमती पाठव.

तुझा भाऊ


१९ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर. ‘आहे ते राहू दे. तुला सगळं माहीत नाही.’ एवढ्यासाठी तिकीट कशाला खर्च केलंस?

मला सगळं माहीत नाही? मी शाळा अर्धवट सोडली हे खरं, पण जे मला माहीत आहे ते मी स्वतः उघडून, सुटं करून, पुन्हा जोडून मिळवलेलं आहे. आज या शहरातला कुठलाही पंप बंद पडला की माझ्याकडे येतो, आणि इंजिनीअर माझ्यामागे कंदील धरल्यासारखे उभे राहतात. ते मी कुठे शिकलो? त्या गिरणीत. पाण्याच्या चाकाचा दांडा फिरायचा, दांड्याला बसवलेल्या खुंट्या एकामागून एक मुसळं उचलायच्या आणि सोडायच्या. मुसळांच्या टोकाला लोखंडी बूट. खाली दगडी उखळ. मुसळांनी पीठ होतं का, ताई? पिठाला जातं लागतं, दगडावर दगड. हे लहान मुलालाही कळतं, फक्त समितीला कळत नाही, कारण समितीतलं कोणी कधी काही दळलेलं नाही.

परवा पुन्हा गेलो होतो. गाईड म्हणून एक तरणाताठा मुलगा ठेवला आहे. आठ-दहा माणसं भोवती घेऊन तो आपल्या गिरणीत उभा राहून सांगत होता, “या जड मुसळांखाली गव्हाचं शुभ्र पीठ तयार व्हायचं, आणि सकाळी गल्लीभर ताज्या पावाचा सुवास दरवळायचा.” माणसं डोळे मिटून श्वास घेत होती. खरंच घेत होती! एक बाई म्हणाली, “अजून येतोय गं वास.” आपल्या उखळाशी उभं राहून पावाचा सुवास!

“दरवळायचा, बरोबर आहे,” मी मागून म्हणालो. “पण पावाचा नव्हे.”

“काका, प्रश्न शेवटी विचारा,” गाईड म्हणाला.

खरं सांग, तुला काय खुपतं? हाडांत कसली लाज आहे? पेरणीच्या आधी शेतकरी दाराशी रांग लावायचे. समोरचा गिरणीवाला, तो खरा पिठाचा, पांढऱ्या भुवयांचा, गल्लीत आपल्याकडे पाहून नाक मुरडायचा. त्याने दळलेला दाणा आपल्याच खतावर पोसलेला असायचा. बाबा हे कधी बोलून दाखवायचे नाहीत. हसायचे फक्त. पण ते मान वर करून चालायचे, आणि ज्या माणसाने मान वर करून आयुष्य काढलं त्याला मेल्यावर तू पांढरं फासतेस.

आता निघालंच आहे तर पुढचंही लिहितो. लग्नानंतर बाबा तुझ्याकडे एकदाच आले. एकदाच. परत आले तेव्हा कोट खुंटीला लावला आणि जेवणावर बसले नाहीत. त्यानंतर तू बोलावलंस की ते म्हणायचे, “कामं आहेत.” माझा बाप कामांमागे लपणारा नव्हता. तुझ्या सासरी त्यांना कुठे बसवलं, काय ऐकवलं, हे मी तुला कधी विचारलं नाही. त्यांच्या अंत्यसंस्काराला तू आलीस आणि गल्लीत पाऊल न टाकता परस्पर गेलीस, तेव्हाही विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं म्हणून विचारलं नाही.

संमती पाठव. नाहीतर माझी सही विसरा, तू आणि तुझी समिती.

तुझा भाऊ


६ एप्रिल

ताई,

‘तुझ्या मनासारखं कर, अचूकराव.’ लहानपणीचं नाव तू अजून विसरली नाहीस. चिडवायला वापरलंस हे कळतंय, पण मी ते मानाने स्वीकारतो. संमती पोचली. आभार मानत नाही, कारण खरं बोलायला परवानगी दिल्याबद्दल आभार मानायचे नसतात.

आज समितीच्या कचेरीत बसून मजकूर ठरवला. कचेरी म्हणजे पूर्वीचा कातड्यांचा लिलाव व्हायचा ती खोली. भिंतीला आता गुलाबी रंग आहे, पाहून दात आंबतात. मी एकेक शब्द तोलून सांगितला: ‘हाडांची गिरणी. येथे जनावरांची हाडं उकळून, वाळवून, मुसळांखाली कुटली जात. हे खत आसपासच्या शेतांना पुरवलं जाई.’ बस. एकही विशेषण नाही.

मला वाटलं होतं बाई खळखळ करतील. पण त्यांचे डोळेच चमकले.

“हाडं उकळायचे? इथेच? मग वास केवढा येत असेल!”

“यायचाच.”

“लोकांना त्रास नाही व्हायचा?”

“गल्ली नाक मुरडायची. साबणवाला सोडून, त्याला आमच्याकडची चरबी लागायची.”

“अहो, मग हे तर पिठापेक्षा कितीतरी भारी आहे!” त्या म्हणाल्या आणि कोणाला तरी फोन लावायला उठल्या. “लोकांना खराखुरा फील मिळाला पाहिजे.”

फील म्हणजे काय ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण मी खुशीत होतो, खोटं कशाला बोलू. घरी येताना दोरवाल्याशी थांबलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “जपून रे बाबा. मलाही पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, फक्त खरं दाखवायचं आहे.” त्याला जाकीट चढल्यापासून सगळीकडे कट दिसतात.

मेच्या पहिल्या रविवारी चाचणीचा दिवस आहे. गिरणी लोकांना उघडून पाहायची, आणि सगळं ठीक झालं की करारावर माझी सही. तू ये. आलीस तर मी मागचं काही काढणार नाही.

तुझा भाऊ


मेचा पहिला सोमवार

ताई,

तू आली नाहीस, लेकीला पाठवलंस. ती सुखरूप पोचली असेल. तिने किती सांगितलं आणि किती गाळलं ते मला माहीत नाही, म्हणून मी सगळंच लिहितो.

मी काल सकाळी कडक इस्त्रीचा सदरा घालून गेलो. पाटी अगदी सांगितली तशी होती, अक्षर न् अक्षर. तिच्याखाली उभा राहून मी छाती फुगवली, हेही लिहून ठेवतो. मग दारावरचा काळा पडदा दिसला. आत अंधार केला होता. दिवा फक्त उखळावर, तोही लाल. उखळाशी एक पुतळा बसवला होता. माणूस म्हणे, हाडगिरणीवाला. पाठीत वाकलेला, कपडे फाटके, तोंडावर काजळी, आणि नाकाला घट्ट फडकं बांधलेलं. हाताशी प्लास्टिकची कवटी. कवटी, ताई! कुठल्या जनावराची म्हणावी तर कुठल्याच नाही.

आणि कठड्यावर एक लाल बटण. वर लिहिलेलं: ‘वास घ्या!’

बटण दाबलं की भिंतीतून फुस्स व्हायचं आणि सडक्या अंड्यासारखी घाण खोलीभर पसरायची. पोरांची रांग लागली होती. “ए, पुन्हा दाब, पुन्हा दाब!” एक गृहस्थ बायकोला म्हणाला, “आठवला का माहेरचा वास?” आणि सगळी खोली खदाखदा हसली. तीही हसली. एक बाई रुमाल तोंडावर धरून म्हणाली, “शी! ही माणसं जेवायची तरी कशी?”

“हाताने,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं आणि तीही हसली. तिला वाटलं मी समितीचा विनोदी माणूस आहे.

मी चिटणीसबाईंना बाजूला घेतलं. रागाने मला शब्द फुटत नव्हते, आणि फुटला तो भलताच. मी म्हणालो, “हा वास चुकीचा आहे.”

खरंच चुकीचा आहे. आपल्याकडचा वास असा नव्हता. शिजत्या शिंगाचा, ओल्या चुन्याचा, आणि वरून थोडा गोडसर, भिजल्या लोकरीच्या जवळ जाणारा.

“हो का?” बाई म्हणाल्या. “मग बरोबर कुठला ते सांगा ना, आपण बदलून घेऊ. तुम्हीच तर म्हणालात, खरं दाखवा.”

ताई, शब्द माझेच होते. मला माझीच किळस आली. बटण त्यांनी बसवलं होतं, पण जागा मी करून दिली होती.

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, “मामा?”

तुझी लेक. मी तिला ओळखलं नसतं, पण ती भुवया उचलून बघते ते थेट तुझ्यासारखं. हसण्यात ती सामील नव्हती. पुतळ्याकडे बोट करून विचारलं, “आजोबा असं फडकं बांधून बसायचे?”

“कधीच नाही. नाक झाकलं तर हाड पुरतं शिजलं की नाही ते कळणार कसं? ते वासावरूनच कळायचं. कढईवर वाकून असे हुंगायचे, जसं कोणी आमटी... जसं कोणी रस्सा हुंगतो.”

“मग हे काढा ना,” ती म्हणाली. मग माझी बाही धरून, “आईने काल मला सगळं सांगितलं. तुम्हाला सांगायचं की नाही ते माझ्यावर सोडलंय.”

आम्ही मागच्या दारात, चाकाच्या कोरड्या चरात जाऊन बसलो, आणि तिने सांगितलं.

तू सासरी कधी खोटं बोलली नव्हतीस. कोणी विचारलंच नव्हतं, आणि बाबा येणार होते त्या दिवशी, गिरणी हाडांची आहे हे तू स्वतःच सांगून टाकायचं ठरवलं होतंस. चहा ठेवलास, सासऱ्यांना बोलवलंस. आणि बाबा दारातून आत आले ते कोटाच्या बाहीला पीठ लावून. खरं पीठ. तू तोंड उघडायच्या आधी ते सासऱ्यांना म्हणाले, “माफ करा, गिरणीतून तसाच निघालो, झटकायचं राहिलं.” मग तासभर पिठावर बोलले. कुठला गहू कडक, कुठला चिकट, कोंडा किती ठेवायचा, पावसाळ्यात जातं किती सैल ठेवायचं. सासरे खूश. तू मोरीत जाऊन रडलीस. निघताना फाटकापाशी ते तुला म्हणाले, “समोरच्या भुवईवाल्याकडे जाऊन शिकलो गं. नाक मुरडलं त्याने, पण शिकवलं. आता मला पुन्हा बोलावू नकोस, पोरी. एवढंच पीठ होतं माझ्याकडे.”

म्हणजे ते खोटं तुझं नव्हतंच. तू फक्त ते सांभाळत बसलीस, इतकी वर्षं, माझ्या शिव्या खात.

मी आत गेलो. मला इतर काही सुचत नाही तेव्हा मी हत्यारं काढतो. पेचकस खिशात असतोच. पडदा ओढून काढला. लाल दिवा बंद. भिंतीतलं ते फुस्स करणारं यंत्र खोललं, आत अत्तराच्या बाटलीएवढी एक बाटली होती, ती बूच लावून बाईंच्या हातात दिली. पुतळ्याचं फडकं सोडलं. फडक्याखाली नाकच केलेलं नव्हतं, नुसता सपाट मेणाचा गोळा. मग पुतळाही उचलून चरात नेऊन ठेवला. शेवटी शिडी मागवून पाटी उतरवली. लोक बघत होते, कोणी अडवलं नाही. दोरवाल्याने खालून शिडी धरली, समितीच्या जाकिटात, त्यामुळे सगळ्यांना वाटलं हे ठरलेलंच आहे.

“पण पाटी का?” बाई रडकुंडीला आल्या होत्या. “पाटी तर तुमचीच होती!”

दार सताड उघडं, आत साधा उजेड, मुसळं आपापल्या जागी, आणि भिंतीवर एक अक्षर नाही. गिरणी मला पहिल्यांदा आपली वाटली. तेवढ्यात पुढची मंडळी आली. त्यातली एक वयस्क बाई उखळाच्या काठावरून हात फिरवत राहिली, आणि मला विचारलं, “इथे काय व्हायचं हो?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुझी लेक दारात. चिटणीसबाई, दोरवाला. मी तोंड उघडलं ते ‘हाडं’ म्हणायलाच.

“गहू,” मी म्हणालो.

आणि थांबलो नाही, ताई. मुसळांनी आधी गहू ओलवून कांडायचे, फोलपट सुटलं की मग जात्यावर जायचा, म्हणालो. कुठला दाणा कडक, कोंडा किती ठेवायचा, पावसाळ्यात काय करायचं. कुठून येत होतं मला ठाऊक नाही. एकही शब्द अडला नाही. ती बाई मान डोलावत होती, आणि म्हणाली, “किती बारकाईने माहीत आहे तुम्हाला!” तुझ्या लेकीने मान खाली घातली. हसत होती की रडत होती, मी पाहिलं नाही.

घरी येऊन चूळ भरली. तोंडातून ती चव जात नाही. मी आयुष्यात एवढं सफाईदार खोटं बोललो नव्हतो, आणि आयुष्यात कधी बाबांसारखा दिसत असेन तर तेव्हाच.

करार टेबलावर आहे. सही केलेली नाही. बाई म्हणतात, नवी पाटी रंगवायला द्यायची आहे, शब्द कळवा. हाडं लिहिली तर ते बटण आज ना उद्या परत येणार. गहू लिहिला तर बाबा तिथून पुसले जाणार. काहीच लिहिलं नाही तर कोणीतरी व्हॅनिला लिहील. मला उत्तर माहीत नाही, आणि हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितो आहे, जपून ठेव.

जुनी पाटी घरी आणली. अक्षरं खरवडून काढली. आतलं लाकूड चांगलं निघालं. पण त्यावर एकट्याने लिहायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे. तू ये. दोघं आत बसू, भांडू, आणि जे ठरेल त्याच्याखाली दोघांची सही करू. नाहीच ठरलं तर कुलूप घालून किल्ली तू घेऊन जा.

येशील तेव्हा गल्लीतून येऊ नकोस. मागून, नाल्याच्या बाजूने ये. तिकडे अजून कोणी काही सुधारलेलं नाही.

तुझा भाऊ